बाईंची इंग्रजी

इनामदार बाई मराठी कुजबुजत बोलायच्या आणि इंग्रजी खणखणीत. त्यांची माझी पहिली भेट डब्लिनच्या इंडियन ग्रोसरीत झाली. हे डब्लिन आयर्लंडातलं नव्हे, ओहायोतलं, कोलंबसच्या कडेचं. मी तूरडाळीच्या पोत्यांपाशी उभी राहून नागपूरला आईशी फोनवर बोलत होते. आमच्या घराण्याचा आवाज असा, की फोन नसता तरी आईला ऐकू गेलं असतं. तेवढ्यात कुणीतरी मागून दंडाला हात लावला. पांढरे आखूड केस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि डोळ्यांत चक्क धास्ती. "हळू बोल गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "लोक बघतात."

मी आजूबाजूला बघितलं. मालक गुजराती, गिऱ्हाइकं तेलुगू. बघणार होतं कोण? पण बाई तोवर वळल्या होत्या आणि काउंटरवरच्या माणसाला कढीपत्ता ताजा आहे का ते विचारत होत्या. ते इंग्रजी इतकं घोटीव आणि जुन्या वळणाचं होतं, की तो बिचारा पाठ ताठ करून उभा राहिला. मला हसू आलं. बाईंना नाही आलं.

पुढे कळलं, बाई मूळच्या अमरावतीच्या. तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. लग्नानंतर यजमानांच्या नोकरीपायी ओहायोत आल्या, इथे पुन्हा शिकल्या आणि एका कम्युनिटी कॉलेजात 'इंग्रजी भाषेचा इतिहास' हा विषय शिकवू लागल्या. म्हणजे बघा, अमरावतीची बाई गोऱ्या पोरांना त्यांची भाषा आली कुठून ते सांगणार. एका टर्मला कुणीतरी तक्रार केली, की बाईंचे उच्चार कळत नाहीत. पुढच्या टर्मला वर्ग दुसऱ्याला गेला. वर्षभरानं परत मिळाला, पण तेव्हा बसलेली भीती काही गेली नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या दुकानात शिरण्याआधी गाडीत बसून ओठातल्या ओठात वाक्य म्हणून बघायच्या.

भीतीच्या बाबतीत मी त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. मी जन्माची भित्री. वर्क व्हिसावर असलेल्या माणसाला मॅनेजरचा 'पाच मिनिटं वेळ आहे का' एवढा मेसेज आला तरी तो मनातल्या मनात सामान बांधायला लागतो. हल्ली तर मॉलमध्ये मुलीला हाक मारतानासुद्धा मी आधी इकडेतिकडे बघते. आमचे लोक एकमेकांना सांगतच असतात, बाहेर असताना जरा जपून, आपल्या भाषेत मोठ्यानं नको. पूर्वी मी या सल्ल्याला हसायचे. बाईंना मात्र तो कधी कुणी द्यावा लागला नव्हता.

त्यांचं घर आमच्या मागच्याच रस्त्यावर. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी रेवा, इथेच जन्मलेली, चाळिशीला आलेली, कोलंबसमध्ये राहायची. इमर्जन्सीचे फोन घेण्याची तिची नोकरी. आग, अपघात, हार्ट अटॅक, कुणी किंचाळतंय, कुणी रडतंय, आणि ही शांतपणे पत्ता विचारतेय. बाईंनी गाडी चालवणं सोडल्यावर शनिवारची ग्रोसरी माझ्याकडे आली. मला वाटलं होतं, म्हाताऱ्या बाईला मदत करतेय. प्रत्यक्षात दर शनिवारी मला फुकटचं कॉलेज घडायचं.

"ऐक. परीक्षेत नाही येणार, पण जन्मात येईल," अशी त्यांची सुरुवात असे. मग सिग्नलला गाडी थांबली की इंग्रजीची कथा चालू. इंग्रजीबद्दल त्या घरातल्या एखाद्या आश्रित आत्याबद्दल बोलावं तशा बोलायच्या. ती बिचारी होड्यांत बसून त्या बेटावर आली. जेमतेम रुळते तोच उत्तरेकडचे लुटारू आले. मठ जाळले, पुस्तकं जाळली. एक राजा दलदलीत लपून बसला. "तो त्या चिखलात मेला असता ना, तर आज मी तुला हे कुठल्या भाषेत शिकवलं असतं, देव जाणे." मी म्हटलं, बाई, तुम्ही मला मराठीत शिकवताय. त्यांनी दचकून खिडकीची काच वर केली.

त्यांचा लाडका भाग त्यापुढचा. समुद्र ओलांडून फ्रेंच बोलणारे आले आणि राज्यच घेतलं. दरबार फ्रेंच, कोर्ट फ्रेंच, देवाची भाषा लॅटिन. शेकडो वर्षं इंग्रजीला दिवाणखान्यात पाऊल टाकायची सोय नव्हती. ती उरली शेतावर, गोठ्यात आणि चुलीपाशी. "मग वाचली कशी? राजानं वाचवली? पंडितांनी वाचवली?" असं विचारून त्या माझ्याकडे बघत बसायच्या, मागची गाडी हॉर्न देईपर्यंत. "दायांनी वाचवली. उमरावाचं पोर रडायला लागलं की त्याला उचलायची कोण? गावातली दाई. ती काय फ्रेंचमध्ये गप्प करणार? पोराला कुठं माहीत राज्य कुणाचं आहे ते? त्याला जी उचलते तिची भाषा त्याची."

मग प्लेग आला. प्लेगबद्दल सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. फ्रेंच शिकवणारे मास्तर मेले, लॅटिन शिकवणारे मेले, उरलेल्यांना येत होतं ते इंग्रजी. शाळांतून तीच सुरू झाली. पुढे छापखाने, जहाजं, आणि जहाजांतून ती जगभर गेली. गेली तिथे कुणाकुणाला चिरडून गेली तेही बाई सांगायच्या, त्यात हात आखडता घेत नसत. "इंग्रजीला घाबरू नकोस," त्या मला म्हणायच्या, "ती स्वतः घाबरत घाबरत मोठी झालीय. पण एक लक्षात ठेव. कुठलीही भाषा मरणापासून एका पिढीच्या अंतरावर असते. आईनं पोराशी बोलायचं सोडलं, की संपलं. त्याला लुटारू लागत नाहीत."

मला वाटतं, त्याच शनिवारी मी ते विचारलं. मला तोंड आवरता येत नाही, हा आमच्या घराण्याचा दुसरा गुण. मी रेवाला तोवर पाच-सहा वेळा तरी भेटले होते. रेवाला मराठीचं अक्षर येत नव्हतं. ती माझ्या 'विदुला'चं 'विडुला' करायची, आणि बाई तिच्याशी फक्त इंग्रजीत बोलायच्या, तेही त्या खणखणीत वर्गातल्या इंग्रजीत. मी म्हटलं, "बाई, एवढं सगळं माहीत असून तुम्ही रेवाशी मराठी का नाही बोललात?"

त्यांच्या दारात गाडी उभी करून मी पिशव्या उतरवू लागले, तेव्हा त्यांनी मला बसायची खूण केली.

रेवा बालवाडीत गेली तेव्हा तिला फक्त मराठी येत होतं. वर्गात ती गप्प बसायची. महिन्याभरानं तिथल्या शिक्षिकेनं बाईंना बोलावलं आणि सांगितलं, मुलगी मागे पडतेय, वेगळ्या वर्गात घालावी लागेल, घरी ती दुसरी भाषा बंद करा. "ती बाई माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी पोरीला उपाशी ठेवलंय," बाई म्हणाल्या. "आणि मी इंग्रजी शिकवणारी. माझीच मुलगी इंग्रजीत मागे? मी घाबरले गं. त्याच दिवशी घरी येऊन मराठी बंद केली. रेवा 'आई' म्हणाली की मी ओ द्यायचे नाही. 'मॉमी' म्हणाली की द्यायचे. चार-पाच वर्षांचं पोर, किती दिवस टिकणार? ज्या दिवशी ती सबंध दिवसात एकही मराठी शब्द बोलली नाही, त्या दिवशी आम्ही तिला आइस्क्रीम खायला नेलं."

तेव्हाच्या कितीतरी मराठी घरांत हेच झालं, असं त्या म्हणाल्या. ते खरंही आहे. आपली माणसं फार आज्ञाधारक. शाळेनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं, की ब्रह्मवाक्य. गोऱ्या शेजाऱ्यानं हे ऐकलं असतं की नाही, मला शंका आहे. घरी येऊन मी माझ्या सईला उगाचच जवळ घेतलं आणि मराठीत काहीबाही विचारत सुटले. ती म्हणाली, "व्हाय आर यू बीइंग वीअर्ड?" मला हसू यायला हवं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली. आम्ही बाईंची औषधं घ्यायला फार्मसीत गेलो होतो. काउंटरवरच्या बाईनं नेहमीप्रमाणे जन्मतारीख विचारली आणि बाईंनी ती मराठीत सांगितली. स्पष्ट, आणि मोठ्यानं. त्या बाईनं पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा मराठीतच सांगितली, जरा चिडून, ऐकू येत नाही का अशा सुरात. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी माझी बाही घट्ट धरली. मी तारीख सांगितली, औषधं घेतली. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, अहो होतं असं, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'अगं' म्हणाले होते एकदा. बाई समोर बघत होत्या.

"माझी इंग्रजी जातेय, विदुला," त्या म्हणाल्या.

त्यांना आधीपासून माहीत होतं. डॉक्टरकडे त्या एकट्याच टॅक्सीनं जाऊन आल्या होत्या. विस्मरणाचा आजार, सुरुवात आहे, आणि दोन भाषा असलेल्या माणसाची पुष्कळदा नंतर आलेली भाषा आधी जाते. डॉक्टरनं हे सांगितलं तेव्हा बाईंनी त्याला थांबवून पुढचं स्वतःच सांगितलं म्हणे. जन्म गेला होता भाषा कशा मरतात ते शिकवण्यात. मृत्यूला त्या भीत नव्हत्या, त्याबद्दल थट्टाही करायच्या. त्यांची भीती एकच होती आणि ती त्यांनी त्या दिवशी पार्किंगमध्ये मला सरळ सांगितली. "एक दिवस रेवा माझ्यासमोर बसलेली असेल, आणि माझ्याकडे तिच्याशी बोलायला भाषाच नसेल. माझ्याकडे उरेल ती तिला येत नाही. मीच येऊ दिली नाही."

मग त्यांनी धडपड सुरू केली. रेवाला फोन करून म्हणाल्या, मी तुला मराठी शिकवते. रेवाला आजाराचं कळलं होतं, पण तिला हे मराठीचं खूळ कळेना. त्या रविवारी मी तिथेच होते, पोह्यांसाठी कांदा चिरत होते. रेवा रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल. बाईंनी टेबलावरची वस्तू उचलायची, नाव सांगायचं, रेवानं म्हणायचं. चमचा. वाटी. तिसऱ्या-चौथ्या शब्दाला रेवा उठलीच. ती ओरडली नाही, तिला ओरडायची सवयच नाही. तिच्या त्या शांत कामाच्या आवाजात ती म्हणाली, की मला होती ही भाषा. तुला नको होती तेव्हा तू ती काढून घेतलीस, आणि आता तुला हवी आहे म्हणून मी ती परत घ्यायची का? बाईंनी तोंड उघडलं. उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं. ते आलं नाही. रेवाला वाटलं, आईकडे बोलण्यासारखं काही नाही. ती गेली. दोघींपैकी कुणाकडेही बघायची मला भीती वाटत होती. कांदा तसाच राहिला.

त्या वर्षी बाईंची इंग्रजी हळूहळू ओसरली. आधी अवघड शब्द गेले. मग मधली मधली वाक्यं गेली, आणि त्या जागी मराठी येऊ लागली. फोनवर रेवा म्हणायची, "मॉम, इंग्लिश, प्लीज." लहानपणी बाई रेवाला जे म्हणायच्या, तेच. बाईंना ते जाणवायचं की नाही, मला विचारायचा धीर झाला नाही. त्या नुसत्या गप्प होत, आणि रेवाला वाटे, चला, आज आई शांत आहे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी ऑफिसात असताना रेवाचा फोन आला. तिचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. आई माझ्याशी बोलतेय, मला काही कळत नाहीये, तू ऐक. तिनं दोघींना एका लाइनवर जोडलं. बाई धापा टाकत होत्या. "वास येतोय. बटण फिरतच नाही. ज्योत गेली आणि वास येतोय. रेवा, अगं मी काय करू?" मी मीटिंगमधून उठून किंचाळलेच, "बाई, गॅस आहे तो. काही करू नका. दिवा लावू नका. दार उघडा आणि बाहेर जा." त्या म्हणाल्या, बाहेर बर्फ आहे, पायात काही नाही. मी म्हटलं, असू दे. रेवा ओरडत होती, ती काय म्हणतेय, काय म्हणतेय ती? मी तिला सांगितलं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही, तिनं पाठवलेली अग्निशमनाची गाडी पोचली. बाई शेजाऱ्यांच्या अंगणात अनवाणी उभ्या सापडल्या. मी टेबलाशी परत आले तेव्हा सगळी मीटिंग माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर रेवानं बाईंना केअर होममध्ये ठेवलं. दुसरा इलाजच नव्हता. जागा चांगली होती, खिडकीबाहेर मेपलची झाडं होती, माणसंही प्रेमळ. त्याच सुमारास मला व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात जावं लागलं. दोन आठवड्यांचं काम, पण अपॉइंटमेंट पुढे ढकलली, मग कागद अडकले, आणि मी तिकडेच अडकून पडले. सई आणि तिचे बाबा इकडे, मी तिकडे. रोज सकाळी उठून स्टेटस बघायचं आणि चहा करायचा. कितीतरी महिने गेले त्यात. मध्ये रेवाचा मेसेज आला होता, इथले लोक म्हणतात आईची वाचा गेली, आता ती फक्त आवाज काढते. डॉक्टर म्हणतात, आजाराची पुढची पायरी. फार अस्वस्थ होते म्हणून शांत राहायचं औषध वाढवलंय. मी तो मेसेज वाचून रडले आणि मनाची तयारी केली.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी गेले. कॉरिडॉरमध्ये शिरले आणि लांबूनच आवाज आला. खणखणीत. सगळ्या मजल्यावर ऐकू जाईल असा.

"अहो, कुणी आहे का? मला पाणी द्या हो कुणीतरी. ही कुठली जागा आहे? इथं सगळे इंग्रजी का बोलतायत?"

शेजारून जाणारी मदतनीस माझ्याकडे बघून कणवेनं म्हणाली, की ती बिचारी दिवसभर असे आवाज काढत असते, तुम्ही घाबरू नका. मी घाबरलेच होते. पण ती समजत होती त्याला नाही. ते शुद्ध, स्वच्छ, कर्ता-कर्म जागच्या जागी असलेलं मराठी होतं, आणि त्या इमारतीत ते कुणाच्याही कानाला भाषा वाटत नव्हतं.

मी खोलीत गेले. बाईंनी मला ओळखलं. "आलीस? बरं झालं बाई. इथं एकालाही माणसासारखं बोलता येत नाही." मी पाणी दिलं. ते त्या घटाघटा प्यायल्या, हनुवटीवरून ओघळलं तरी थांबल्या नाहीत. मग माझा हात धरून, पूर्वीच्या त्या कुजबुजत्या आवाजात त्यांनी विचारलं, "खरं सांग. मी मेलेय का गं? मेल्यावर असंच होत असेल. आपण बोलत राहतो, आणि कुणाला ऐकू जात नाही."

एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. व्हिसाची नाही, नोकरीची नाही, कशाचीच नाही. मी त्यांना थोपटत राहिले आणि म्हणत राहिले, नाही बाई, तुम्ही जिवंत आहात, मला ऐकू येतंय, मला सगळं ऐकू येतंय.

रेवाला मी पार्किंगमध्ये सांगितलं. ती गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होती. मी तिला शब्द न् शब्द सांगितला, काही गाळलं नाही. मग ती म्हणाली, की आमच्याकडे एखादी सोमाली बाई फोन करते, रडत असते. तिचं रडणं थांबायच्या आत मी दुभाष्या लाइनवर घेते. कुठलीही भाषा असो. मला नुसतं ओळखता यावं लागतं की ही भाषा आहे. एवढं बोलून ती खाली बसली, तिथेच, डांबरावर, गुडघ्यात डोकं घालून. मीही तिच्याजवळ बसले.

ती आत गेली आणि डॉक्टरशी बोलली. नाही नाही म्हणता औषध कमी झालं. मी तिथल्या दोघी-तिघींना पाणी, दुखतंय, थंडी, संडास असे रोजचे शब्द शिकवले. त्या हसत हसत शिकल्या. आणि रविवारी सकाळी रेवा माझ्याकडे येऊ लागली. तिला व्याकरण नको होतं, वाटी-चमचा नको होतं. तिला हवं होतं ते असं: काय झालं? कुठे दुखतंय? घाबरू नकोस. मी आहे. 'ख' आणि 'घ' तिच्या जिभेवर बसेनात. ती स्वतःवरच चिडायची. एकदा सईचा कोट चढवत मी सहज म्हटलं, चला, भूर जायचं ना? रेवा कॉफीचा कप हातात धरून तशीच उभी राहिली. हे मला माहीत आहे, ती म्हणाली, हे मला कुणी शिकवलेलं नाही, हे आधीपासून माहीत आहे. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. बंद खोलीतून कुणी हाक मारावी, तशी ती दचकली होती. सई मात्र खूश. तिनं त्या दिवसापासून रेवाला मराठी शिकवायचं कंत्राटच घेतलं, स्वतःला येत नसलेलंसुद्धा.

बाई आता पुढे पुढे जात होत्या, जिथून परत येत नाहीत त्या बाजूला. मला ओळखेनाशा झाल्या. कधी मी त्यांची अमरावतीची मैत्रीण असे, कधी कॉलेजातली शिपाईण. रेवाला तर त्याआधीपासूनच ओळखत नव्हत्या. पुढच्या मार्चमध्ये त्या गेल्या, दुपारी, झोपेत. रेवा जवळ होती. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या थोडं आधीचं.

रेवा ड्यूटीवरून थेट आली होती, अंगात कामाचं जाकीट तसंच. मी आधीपासून बसले होते, पण बाईंचा डोळा दाराकडे लागला होता आणि त्यांचं तेच चाललं होतं, कुणी आहे का, अहो, कुणी आहे का. मी ओ देत होते, पण त्या दिवशी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. रेवा पलंगाच्या कडेला बसली. तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे. घाबरू नकोस. पाणी हवं?"

बाई थांबल्या. त्यांनी मान हलवली. रेवानं पेला धरला, त्या सावकाश प्यायल्या आणि मग त्या अनोळखी, पिंगट रंगवलेल्या केसांच्या, जाकीटवाल्या बाईकडे निरखून बघत राहिल्या. विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर बघत असतील तसं.

"छान बोलतेस गं मराठी," त्या म्हणाल्या. "इकडच्या मुलींना येत नाही. तुझ्या आईनं शिकवलं असणार."

एवढं लांब बोलणं रेवाला कळत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिला इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. रेवाचे डोळे भरून आले, पण तिनं पेला हलू दिला नाही. बाई भुवया उंचावून उत्तराची वाट बघत होत्या.

"हो," रेवा म्हणाली. "आईनं."